मोडलेला पूल: जुनं किती ठेवायचं, नवं किती बांधायचं?

पुलांचा इतिहास म्हटला की आपण पूल कोणी बांधला, किती वर्षांत बांधला, किती खर्च आला, हे बोलतो. पूल मोडल्यावर पुढं काय झालं, हे सहसा कोणी सांगत नाही. मोडल्याची बातमी होते आणि पुन्हा सुरू झाल्याची बातमी होते. मधल्या दिवसांत कोणीतरी टेबलाभोवती बसून ठरवतं की उरलेला पूल ठेवायचा की पाडायचा, डागडुजी करायची की नवा बांधायचा, वाहतूक किती दिवस अडवायची. आज आपण त्या मधल्या दिवसांकडे बघणार आहोत. त्यासाठी अमेरिकेतले तीन अपघात घेऊ. तिन्ही महामार्गांवरचे आहेत आणि तिन्हींचं कारण एखादं वाहन आहे. प्रश्न तोच असूनही उत्तरं मात्र तीन वेगळी निघाली. ती का वेगळी निघाली, हाच आपला विषय.

स्कॅजिट नदी, २३ मे २०१३

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला धरून ‘इंटरस्टेट ५’ नावाचा महामार्ग जातो. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत. वॉशिंग्टन राज्यात, सिअॅटलच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर, माउंट व्हर्नन आणि बर्लिंग्टन या दोन गावांच्या मध्ये तो स्कॅजिट नदी ओलांडतो. तिथला पूल १९५५ सालचा. मधे पोलादी कैच्यांचे चार गाळे, प्रत्येकी १६० फुटांचे. या पुलाच्या कैच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या आहेत आणि डोक्यावरून एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या आहेत. आपल्याकडचे जुने रेल्वेपूल डोळ्यांसमोर आणा. गाडी पुलाच्या पोटातून जाते, तसंच.

त्या गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला एक मालट्रक दक्षिणेकडे निघाला होता. माल नेहमीपेक्षा उंच, म्हणून परवाना काढलेला. परवान्यावर उंची लिहिली होती १५ फूट ९ इंच. नंतर तपासात ती १५ फूट ११ इंच निघाली. आता या पुलावरच्या आडव्या पट्ट्या सरळ नव्हत्या, कमानीसारख्या होत्या. मध्यभागी भरपूर उंच आणि कडेला खाली उतरलेल्या. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे सावकाश जाणारा ट्रक उजव्या, म्हणजे कडेच्या मार्गिकेत असतो. डाव्या मार्गिकेतून तोच माल सुखरूप गेला असता. उजवीकडून जाताना तो एकामागून एक पट्ट्यांवर आपटत गेला.

गंमत बघा, ट्रक पलीकडे पोहोचला आणि मागचा गाळा नदीत गेला. दोन गाड्या पाण्यात पडल्या. त्यांतली तिन्ही माणसं वाचली. जीव कोणाचाच गेला नाही.

असं का झालं, हे समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. कैचीचा वरचा पट्टा कायम दाबाखाली असतो. एखादी लांब पट्टी दोन्ही टोकांकडून दाबून बघा, ती मधेच वाकते. ती वाकू नये म्हणून तिला आडवा आधार लागतो. डोक्यावरच्या त्या पट्ट्या आणि उभे दांडे हाच तो आधार. धडकेने आधार गेला, वरचा पट्टा वाकला आणि गाळा बसला. या बांधणीत एक महत्त्वाचा भाग गेला की भार वाटून घ्यायला दुसरा कोणी नसतो. १९५५ साली हा दोष मानला जात नव्हता. कमी पोलादात लांब गाळा, म्हणजे काटकसरीचं आणि हुशारीचं काम समजलं जायचं.

पण त्याच बांधणीत एक चांगली गोष्टही होती. चारही गाळे एकमेकांपासून स्वतंत्र होते. प्रत्येक गाळा आपापल्या दोन खांबांवर टेकलेला. म्हणून एक पडला, तेव्हा त्याने बाकीच्या तिघांना ओढलं नाही. खांबही उभे राहिले. पुढचा प्रश्न इथूनच निघतो.

समोर कोणते रस्ते होते?

या पुलावरून दिवसाला सुमारे ७१ हजार वाहनं जायची. सिअॅटल आणि कॅनडातलं व्हँकुव्हर यांच्यामधला हाच मुख्य रस्ता. तो तुटल्यावर सगळी वाहतूक दोन छोट्या गावांच्या गल्ल्यांतून आणि शेजारच्या स्थानिक पुलांवरून वळवावी लागली. त्यात लगेच अमेरिकेतली मोठी सुट्टी. म्हणजे उन्हाळ्याचा हंगाम सुरू होतानाच रस्ता बंद. गावातल्या दुकानदाराला गिऱ्हाईक पोहोचत नाही, ट्रकवाल्याचा वेळ आणि डिझेल जातं, रुग्णवाहिकेला कोंडीतून वाट काढावी लागते. असा प्रत्येक दिवस कोणाच्या तरी खिशातून जात असतो.

अशा वेळी ठरवणाऱ्यांपुढे ढोबळमानाने तीन रस्ते असतात. पहिला, सगळा पूलच पाडून नवा बांधायचा. पूल ५८ वर्षांचा, अरुंद, आणि सरकारी वर्गवारीत ‘कार्यदृष्ट्या कालबाह्य’ ठरलेला. मग संधी आलीच आहे, तर टाका नवा. ऐकायला हे बरोबर वाटतं. पण मोठ्या नदीवरचा नवा महामार्ग-पूल म्हणजे आराखडा, पर्यावरणाच्या परवानग्या, निधी, नदीतले नवे पाये. ते काही वर्षांचं काम झालं. दुसरा रस्ता, पडलेल्या गाळ्याच्या जागी तसाच पोलादी गाळा घडवायचा. आणि तिसरा, खांब तेच ठेवायचे आणि त्यांवर वेगळ्या जातीचा गाळा बसवायचा.

इथे पैशाचा एक नियम लक्षात घ्यायला हवा. अशा आपत्तीत अमेरिकेचं संघ सरकार आणीबाणी निधीतून राज्याला मदत करतं. २०१३ च्या नियमाप्रमाणे पहिल्या १८० दिवसांतल्या तातडीच्या कामाचा पूर्ण खर्च मिळू शकत होता. कायमस्वरूपी कामाला नेहमीचं प्रमाण लागतं, इंटरस्टेटसाठी ते ९० टक्के. पण हा निधी मुळात जे होतं ते परत उभं करण्यासाठी आहे. जे नव्हतं ते मिळवण्यासाठी तो सहसा वापरता येत नाही. म्हणजे एक गाळा पडला तर एका गाळ्याचे पैसे मिळतात. बाकीचे तीन जुने असले तरी ते पडलेले नाहीत. दुरुस्तीचा आकार ठरवताना अभियंत्याच्या पट्टीइतकीच हिशेबनिसाची वहीही चालते, आणि हे बहुतेक देशांत बहुतेक काळात असंच चालत आलं आहे.

आधी चालू करा, मग कायमचं करा

वॉशिंग्टन राज्याच्या परिवहन खात्याने काम दोन टप्प्यांत तोडलं. आधी नदीतलं पोलाद बाहेर काढलं, उभे राहिलेले गाळे आणि खांब तपासले. मग रिकाम्या जागेवर तात्पुरते पोलादी पूल बसवले. दोन पूल शेजारी शेजारी, प्रत्येकी २४ फूट रुंद, दोन्ही मिळून चार मार्गिका. १९ जूनला वाहतूक सुरू झाली. अपघातापासून सत्तावीस दिवस.

हे तात्पुरते पूल कुठून आले? त्यांचा वंश दुसऱ्या महायुद्धात सापडतो. ब्रिटिश अभियंता डोनाल्ड बेली याने १९४० च्या सुमाराला एक पद्धत काढली. एकसारख्या चौकटी तयार ठेवायच्या, माणसांना उचलता येतील आणि लष्करी ट्रकमध्ये मावतील एवढ्या. खिळ्यांसारख्या पिनांनी त्या जोडत जायच्या आणि हव्या त्या लांबीचा पूल उभा करायचा. स्कॅजिटवर बसवलेला अॅक्रो कंपनीचा पूल याच पद्धतीचा पुढचा अवतार. मुंबईकरांना हे घराणं अनोळखी नाही. एल्फिन्स्टन रोडच्या २०१७ मधल्या चेंगराचेंगरीनंतर लष्कराने एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली या स्थानकांवर पादचारी पूल उभारले, ते याच बेली पद्धतीचे. युद्धातली कल्पना शांततेच्या काळात आपल्या जिन्यापर्यंत येते ती अशी.

पण तात्पुरत्या पुलाची किंमत मोजावी लागते. स्कॅजिटवर वेगमर्यादा ताशी ४० मैलांवर आली, आणि जादा वजनाच्या व जादा आकाराच्या ट्रकांना मनाई झाली. म्हणजे ज्या प्रकारच्या वाहनाने पूल पाडला, त्यांना अजून वळसाच होता. म्हणून दुसरा टप्पा लांबवता येणार नव्हता. कायमच्या गाळ्याची निविदा तात्पुरता पूल सुरू व्हायच्या आतच ठरली. मॅक्स जे. क्यूनी या कंपनीला सुमारे ६८ लाख ७० हजार डॉलरला काम मिळालं.

वजनाचा तिढा

आता खरा अभियांत्रिकी पेच. नवा गाळा काँक्रीटच्या गर्डरांचा करायचा ठरला. गर्डर रस्त्याच्या खाली राहतात, डोक्यावर काहीच नसतं. म्हणजे उंच ट्रक आला तरी आपटायला जागाच नाही. उत्तम. पण काँक्रीट जड असतं. कैचीचा पोलादी गाळा त्यामानाने हलका होता, आणि १९५५ चे खांब नि त्यांचे पाये त्या हलक्या गाळ्याच्या हिशोबाने बांधले होते. वर जड गाळा ठेवला तर खाली पाया वाढवावा लागेल. पाया वाढवायचा म्हणजे नदीत उतरायचं, आणि मग महिन्यांचं वेळापत्रक वर्षांवर जाणार.

म्हणून अट अशी घातली गेली की नवा गाळा जुन्याच्या वजनाबाहेर जाता कामा नये. उत्तर सापडलं हलक्या काँक्रीटमध्ये. खडीऐवजी हलके, सच्छिद्र दाणे घातलेलं काँक्रीट. ताण दिलेले गर्डर, वरचा रस्ता त्यांच्याच अंगावर घडवलेला. सगळा गाळा सुमारे ९०० टनांचा झाला.

तो बांधला कुठे, तर चालू पुलाच्या अगदी शेजारी, तात्पुरत्या आधारांवर. शेजारून हजारो गाड्या जात असताना काम चालू होतं. मग १४ सप्टेंबरच्या रात्री महामार्ग बंद केला, तात्पुरता पूल बाजूला सरकवला आणि नवा गाळा आडवा ढकलत त्याच्या जागी आणून बसवला. १५ सप्टेंबरला रस्ता सुरू. पूर्ण बंदी एका दिवसाहून कमी. पूल बाजूला बांधून आडवा सरकवणं हे रेल्वेवाल्यांचं जुनं कसब आहे, कारण त्यांना गाड्या थांबवणं कधीच परवडलं नाही. इथे ते महामार्गाने घेतलं.

ऑकलंड: जळलेलं सगळंच फेकायचं नसतं

आता सहा वर्षं मागे जाऊ. २९ एप्रिल २००७, रविवारची पहाट, कॅलिफोर्नियातलं ऑकलंड. अनेक महामार्ग एकमेकांवरून जातात असा मोठा गुंता तिथे आहे. त्याच्या खालच्या रॅम्पवर एक पेट्रोलचा टँकर उलटला. ८,६०० गॅलन, म्हणजे ३२ हजार लिटरांहून जास्त पेट्रोल पेटलं. चालक भाजला, पण वाचला. वरचा रॅम्प वितळला नाही, तर मऊ झाला. हा फरक महत्त्वाचा आहे. पोलाद वितळायला दीड हजार अंशांच्या आसपास तापमान लागतं, पण साडेपाचशे-सहाशे अंशांतच त्याची साधारण निम्मी ताकद जाते. वरचा गाळा वाकला आणि खालच्या रॅम्पवर कोसळला.

त्यामुळे ठरवायच्या गोष्टी दोन होत्या. वरचा रॅम्प तर गेलाच होता, तो नवा बांधावा लागणार हे उघड होतं. खालच्याचं काय? त्याच्यावर आग पेटली होती आणि वरून एक आख्खा गाळा आपटला होता. कोणीही म्हटलं असतं, पाडा तोही. पण अभियंत्यांनी आधी तपासण्या केल्या. गर्डर वाकले होते, पण पोलादाचा गुण शाबूत होता. मग खालून आधार देऊन, वाकलेलं पोलाद ठराविक ठिकाणी तापवून आणि थंड करून सरळ केलं. लोहाराचंच तत्त्व, फक्त मोजमापाच्या शिस्तीत. ७ मे रोजी, आठ दिवसांत, खालचा रॅम्प सुरू झाला.

वरच्या रॅम्पसाठी हत्यार वेगळं वापरलं, ते कंत्राटाचं. मुदत २७ जूनची. त्याआधीच्या प्रत्येक दिवसाला दोन लाख डॉलर बक्षीस, जास्तीत जास्त ५० लाख. सी. सी. मायर्स या कंत्राटदाराने निविदा भरली फक्त ८ लाख ६७ हजार ७५ डॉलरची. कामाचा सरकारी अंदाज पाच मिलियनच्या वर होता. म्हणजे गड्याने काम तोट्यात घेतलं आणि नफा घड्याळातून काढायचं ठरवलं. २४ मे रोजी रॅम्प सुरू झाला, बक्षीस पूर्ण मिळालं. हाच कंत्राटदार १९९४ च्या नॉर्थ्रिज भूकंपानंतर लॉस एंजेलिसचा सांता मोनिका फ्रीवे मुदतीच्या ७४ दिवस आधी पुरा करून बसला होता. त्यामुळे हा जुगार नव्हता, अनुभवाचा हिशोब होता.

काही जण म्हणतात, एवढी बक्षिसं म्हणजे उधळपट्टी. पण बंद रस्त्याचा खर्च कोणी तरी भरतच असतो, फक्त तो कुठल्या अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो. बक्षिसामुळे तो कागदावर येतो, एवढंच.

फिलाडेल्फिया: पूलच नको

तिसरी गोष्ट अलीकडची. ११ जून २०२३, फिलाडेल्फिया, इंटरस्टेट ९५. खालच्या रस्त्यावर पेट्रोलचा टँकर उलटून पेटला. या वेळी चालकाचा जीव गेला. उत्तरेकडे जाणारा पूल कोसळला आणि दक्षिणेकडचाही इतका बिघडला की पाडावा लागला. दिवसाला एक लाख साठ हजार वाहनं.

इथे अभियंत्यांनी विचारलं की खाली काय आहे? खाली नदी नव्हती. होता महामार्गावरून उतरणारा एक रस्ता, जो काही काळ बंद ठेवता येण्यासारखा होता. मग पूल हवाच कशाला? खड्डा भरून टाका. पण मातीचा भराव जड, तो बसायला वेळ लागतो आणि जमिनीवर भार येतो. म्हणून वापरल्या काचेच्या फुगवलेल्या गोट्या, टाकाऊ बाटल्यांपासून केलेल्या, अतिशय हलक्या. त्या भरून वर डांबर टाकलं. पावसाने डांबर ओलं राहू लागलं, तेव्हा मोटारींच्या शर्यतीच्या मैदानातून रस्ता वाळवायचं यंत्र आणलं. २३ जूनला, बाराव्या दिवशी, सहा मार्गिका सुरू झाल्या. मग भरावाच्या दोन्ही बाजूंना नवे पूल बांधत गेले आणि वाहतूक टप्प्याटप्प्याने त्यांवर हलवली.

तिघांत समान काय?

आता तिन्ही शेजारी ठेवू. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न ‘नवं काय बांधायचं?’ हा नव्हताच. तो होता ‘उरलेल्यातलं काय भरवशाचं आहे?’ स्कॅजिटला खांब भरवशाचे निघाले, ऑकलंडला खालच्या रॅम्पचं पोलाद निघालं. फिलाडेल्फियात वरचं काहीच उरलं नाही, पण खालची जमीन होती. ज्याच्यावर भरवसा, त्याच्यावर दुरुस्ती उभी राहिली. आणि स्कॅजिट नि फिलाडेल्फियात उत्तर वजनाभोवती फिरलं, एकीकडे हलकं काँक्रीट आणि दुसरीकडे हलकी काच. जुन्या गोष्टीवर नवी ठेवायची असेल, तर नव्याने आपलं ओझं सांभाळावं लागतं.

पण इथे एक खटकणारी गोष्ट आहे, आणि ती टाळून आपण पुढे जाऊ नये. स्कॅजिटला एक गाळा बदलला, तीन तसेच राहिले. तेही १९५५ चेच, त्याच कैचीचे. मग दुरुस्ती झाली म्हणायची का? राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४ साली अहवाल दिला, त्यात दोष एकट्या ट्रकवाल्यावर नव्हता. मार्ग नीट तपासला नव्हता, उंची मापायला पुढे धावणाऱ्या गाडीचा चालक फोनवर बोलत होता, परवाना देताना राज्य पुलांच्या उंचीशी ताळा करत नव्हतं, आणि कमी उंचीची पाटीही लावलेली नव्हती. या पुलाला आधीही उंच वाहनांच्या धडका बसल्या होत्या, तपासणीच्या नोंदींत त्या दिसतात. म्हणजे पुलाने आधी सांगून ठेवलं होतं.

२०१३ च्याच शरदात खात्याने उरलेल्या गाळ्यांवरच्या त्या कमानदार पट्ट्या बदलल्या आणि सगळ्या मार्गिकांवर १८ फूट मोकळी उंची केली. नदीत उतरायचं नव्हतं, नवा पाया नव्हता, पूल पाडायचा नव्हता. सगळ्या दुरुस्तीत हेच काम सगळ्यात साधं होतं, आणि तेवढं एक आधी केलं असतं तर बाकीचं करावंच लागलं नसतं.

तेव्हा आमचं मत असं की त्या उन्हाळ्यात एकच गाळा बदलायचा निर्णय बरोबर होता. दोन गावांना वर्षानुवर्षं कोंडीत ठेवून आदर्श पुलाची वाट बघणं हा शहाणपणा नव्हता. पण तातडीची दुरुस्ती जे आधी होतं तेच परत देते, त्यातल्या दुबळेपणासकट. तो दुबळेपणा काढायचा असेल तर वेगळा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो रस्ता सुरू झाल्यावर, कॅमेरे निघून गेल्यावर घ्यावा लागतो. पूल किती दिवसांत सुरू झाला, हे आपण लगेच विचारतो. आता त्याच्या जोडीला दुसरा प्रश्नही विचारायला शिकू: उरलेल्या गाळ्यांचं काय केलं?

आज इथे थांबू.